वेल्स

वेल्स : ग्रेट ब्रिटन बेटाच्या पश्चिम भागातील डोंगराळ प्रदेश आणि युनायटेड किंग्डमच्या चार घटक देशांपैकी एक. क्षेत्रफळ सु. २०,७८० चौ. किमी. लोकसंख्या सु. ३१,०७,५०० (२०२१). दक्षिणोत्तर लांबी सु. २७० किमी. राजधानी कार्डिफ (१९५५ पासून). याच्या उत्तरेस व पश्चिमेस आयरिश समुद्र व सेंट जॉर्ज खाडी, दक्षिणेस ब्रिस्टल खाडी असून पूर्वेस इंग्लंडच्या चेशर, श्रॉपशर, हेरेफर्डशर व ग्लॉस्टरशर या परगण्यांची सीमा आहे. ‘वेल्स’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले आहे. अँग्लो-सॅक्सन टोळ्या आपल्याहून भिन्न भाषा बोलणाऱ्या जुन्या रहिवाशांना ज्या शब्दाने संबोधीत, त्याचा अर्थ ‘परके’ असा होता व त्यावरूनच हे नाव रूढ झाले. वेल्श लोक स्वतः आपल्या देशास ‘कम्री’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘एका भूमीतील सोबती’ अशी कल्पना आहे. जे मूळचे रहिवासी, तेच आपल्या भूमीत परके ठरले, हा विरोधाभास वेल्सच्या पुढील इतिहासातही वारंवार दिसून येतो.

भूवर्णन : वेल्सचा बराचसा भाग पठारे व पर्वतरांगा यांनी व्यापलेला असून सपाट भूमी मुख्यतः किनाऱ्यालगत व नद्यांच्या खोऱ्यांत आढळते. वायव्येस स्नोडोनिया (वेल्श नाव एररी) हा पर्वतसमूह असून त्यातील स्नोडन (वेल्श नाव अर विद्वा, उंची १,०८५ मी.) हे वेल्समधील सर्वोच्च शिखर होय. मध्यभागी कँब्रियन पर्वत व दक्षिणेस ब्रेकन बीकन्स (सर्वोच्च शिखर पेन अ व्हान, ८८६ मी.) आहे. स्नोडोनिया (१९५१), पेंब्रुकशर किनारा (१९५२) व ब्रेकन बीकन्स (१९५७) ही तीन राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी पहिल्याच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये व तिसऱ्याच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये आपल्या व्यवहारात वेल्श नावेच वापरण्याचे ठरविले. सेव्हर्न व वाय या दोन्ही प्रमुख नद्या प्लिनलिमन या डोंगरावर एकमेकींपासून थोड्याच अंतरावर उगम पावतात व वेगवेगळ्या मार्गांनी इंग्लंडच्या सीमाभागातून वाहत येऊन अखेर सेव्हर्नच्या एकाच मुखात मिळतात. या मुखातील भरती-ओहोटीच्या पातळ्यांमधील फरक जगातील सर्वाधिक फरकांत गणला जातो.

येथील खडक फार प्राचीन असून भूविज्ञानात त्यांना विशेष स्थान आहे. ॲडम सेज्विक व रॉडरिक मर्चिसन यांनी १८३५ मध्ये येथील थरांच्या अभ्यासावरून अनुक्रमे कँब्रियन व सिल्युरियन या कालखंडांची नावे प्रचारात आणली. पुढे त्या दोघांत सीमेवरून वाद माजला असता चार्ल्स लॅपवर्थ याने १८७९ मध्ये ऑर्डोव्हिशियन हा स्वतंत्र कालखंड मध्ये घालून तो मिटविला. यांपैकी कँब्रियन हे नाव वेल्सच्या ‘कँब्रिया’ या लॅटिन नावावरून, तर इतर दोन सिल्युरीझ व ऑर्डोव्हिसीझ या प्राचीन वेल्श टोळ्यांवरून घेतलेली आहेत. हवामान सौम्य व दमट आहे. पश्चिमेकडून येणारे बाष्पयुक्त वारे पर्वतांना अडत असल्याने स्नोडोनियाच्या उंच भागात वर्षाकाठी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. ईशान्य किनाऱ्यावर त्याच्या एक तृतीयांशही पडत नाही. या विपुल पाण्याचा वेल्सच्या राजकारणाशी आलेला संबंध पुढे दिला आहे. 

स्थलनामे येथील भूरचनेचे नकाशेच होत. ‘अबर’ म्हणजे नदीचे मुख, ‘कुम’ म्हणजे दरी, ‘पेन’ म्हणजे माथा, ‘काइर’ म्हणजे किल्ला व ‘ल्लान’ म्हणजे चर्चभोवतीची जागा. एवढे पाच शब्द ठाऊक असलेल्यास वेल्सच्या नकाशातील कितीतरी गावांची स्थिती न पाहताही सांगता येते.

इतिहास : इ. स. पहिल्या शतकात रोमनांनी हा प्रदेश जिंकला, इ. स. ६० मध्ये त्यांनी अँगल्सी बेटावरील ड्रुइड पुरोहितांचे केंद्र उद्ध्वस्त केले. रोमन सत्ता गेल्यावर येथे अनेक लहान राज्ये उदयास आली. आठव्या शतकात मर्शियाचा राजा ऑफा (कार. ७५७–७९६) याने पूर्वसीमेवर मातीचा लांबलचक तट व खंदक बांधला. सध्याची सीमा बहुतेक ठिकाणी त्याला सोडून जाते. तथापि वेल्श व इंग्रज यांच्यातील विभाजनरेषा म्हणून लोकस्मृतीत त्याचेच नाव कायम आहे. दहाव्या शतकात हवेल दा या राजाच्या नावाने वेल्श कायदे संहिताबद्ध झाले. अखेरचा स्वतंत्र राजा लिवेलिन ॲप ग्रिफिद १२८२ मध्ये मारला गेला आणि पहिल्या एडवर्डने कनार्व्हन, कॉन्वी, हार्लेक व बोमॅरिस येथे प्रचंड किल्ले उभारून हा प्रदेश ताब्यात घेतला. १३०१ मध्ये त्याने आपल्या मुलास ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ हा किताब दिला. इंग्लंडच्या युवराजांना तो देण्याची प्रथा तेव्हापासूनची. ओवाइन ग्लिनडूर याने १४०० मध्ये केलेला उठाव प्रारंभी यशस्वी झाला व त्याने १४०४ मध्ये माखनल्लेथ येथे संसदही भरविली, परंतु पुढील दहा-बारा वर्षांत तो मोडून पडला. १४८५ मध्ये बॉझवर्थची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर आलेला सातवा हेन्री ट्यूडर हा पेंब्रुकच्या किल्ल्यात जन्मलेला, वेल्श वंशाचा. त्याचाच पुत्र आठवा हेन्री याच्या काळात, १५३६ व १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडमध्ये पूर्णपणे विलीन करण्यात आला. या कायद्यांनी न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरली आणि इंग्रजी न वापरणाऱ्या वेल्श माणसास सरकारी अधिकारपद बंद झाले.

भाषा : वेल्श ही इंडो-युरोपीय भाषाकुलाच्या केल्टिक शाखेतील असून कॉर्निश व ब्रेटन या तिच्या भगिनीभाषा होत. शब्दारंभीच्या व्यंजनात होणारा विकार हे तिचे ठळक वैशिष्ट्य. ‘काथ’ म्हणजे मांजर. परंतु ‘त्याचे मांजर’ म्हणताना ‘गाथ’, ‘तिचे मांजर’ म्हणताना ‘खाथ’ व ‘माझे मांजर’ म्हणताना ‘ङाथ’ असे रूप होते. ‘त्याचे’ व ‘तिचे’ यांसाठी सर्वनाम एकच असल्याने पुष्कळदा केवळ या व्यंजनविकारावरूनच मालक पुरुष की स्त्री हे समजते. कोशात शब्द शोधू पाहणाऱ्या नवशिक्याची यामुळे तारांबळ उडते. स्थलनामांत वारंवार येणारा ‘ल्ल’ सारखा लिहिलेला ध्वनी जिभेच्या कडेने श्वास सोडून काढावयाचा असतो. देवनागरीत त्यास चिन्ह नाही. जुन्या वेल्श संख्यापद्धतीत विसांचा हिशेब चालतो : चाळीस म्हणजे ‘दोन विसा’, साठ म्हणजे ‘तीन विसा’. मराठी खेड्यांतील जुन्या मोजणीशी याचे साम्य लक्षणीय आहे. अठरास मात्र ‘दोन नवे’ म्हणतात.

विलीनीकरणानंतर ही भाषा टिकली, याचे मोठे श्रेय बायबलच्या भाषांतरास द्यावे लागते. प्रॉटेस्टंट पंथ रुजविण्यासाठी लोकांना समजेल अशा भाषेत धर्मग्रंथ देणे राज्यकर्त्यांना भाग होते. म्हणून १५६३ मध्ये संसदेने वेल्श भाषांतराचा कायदा केला. १५६७ मध्ये नवा करार व १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन या खेड्यातील धर्मोपदेशकाने केलेले संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. ज्या राजसत्तेने न्यायालयातून वेल्शला हद्दपार केले, तिनेच चर्चच्या व्यासपीठावर तिला अढळ स्थान दिले. मॉर्गनची भाषा हीच पुढे प्रमाण गद्याची भाषा ठरली. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स याच्या फिरत्या शाळांतून हजारो शेतकरी व मजूर हेच बायबल वाचावयास शिकले.

एकोणिसाव्या शतकात शिक्षणाचा रोख बदलला. १८४७ मध्ये तीन इंग्रज आयुक्तांनी वेल्समधील शाळांविषयी संसदेस सादर केलेल्या अहवालात शाळांच्या दुरवस्थेबरोबरच लोकांच्या नीतिमत्तेवर ठपका ठेवण्यात आला व त्यांची भाषा हे मागासलेपणाचे कारण ठरविण्यात आले. या तिघांपैकी एकासही वेल्श येत नव्हते. अहवालाच्या निळ्या वेष्टनावरून वेल्श लोक या प्रकरणास ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. शाळेत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी फळी अडकविण्याची शिक्षाही याच शतकात अनेक ठिकाणी प्रचलित होती. ही फळी पुढे जो वेल्श बोलेल त्याच्या गळ्यात जाई व दिवसाखेरीस ती ज्याच्याकडे असेल तो मार खाई. ही शिक्षा कोणत्याही कायद्याने लादलेली नव्हती. पुष्कळ ठिकाणी ती वेल्श शिक्षकांनीच चालविली आणि मुलांनी इंग्रजी शिकून पुढे जावे अशी इच्छा असलेल्या पालकांची तिला संमती होती, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही.

भाषिकांचे प्रमाण १९०१ मध्ये सु. ५०, १९६१ मध्ये २६, १९८१ मध्ये १९ टक्के असे घसरत गेले. १९६२ मध्ये नाटककार सॉन्डर्स लूइस याने रेडिओवरील व्याख्यानात ही भाषा एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी संपुष्टात येईल असे भाकीत केले. त्याच वर्षी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली आणि रस्त्यांवरील इंग्रजी पाट्या रंगवून टाकणे, केवळ इंग्रजीत आलेली समन्से नाकारणे यांसारख्या सविनय कायदेभंगामुळे अनेक तरुणांनी तुरुंगवास पतकरला. १९६७ व १९९३ च्या कायद्यांनी आणि २०११ च्या उपाययोजनेने वेल्शला क्रमाक्रमाने अधिकृत दर्जा प्राप्त झाला. वेल्श दूरचित्रवाहिनीचे आश्वासन सरकारने मागे घेतले, तेव्हा १९८० मध्ये ग्विनव्होर एव्हान्झ या नेत्याने आमरण उपोषणाचा इशारा दिला. सरकारला माघार घ्यावी लागली व १९८२ मध्ये वाहिनी सुरू झाली. स्थानिक शिक्षणसंस्थेने चालविलेली पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा लनेल्ली येथे १९४७ मध्ये निघाली होती. पुढे अशा शाळांचा प्रसार इंग्रजीभाषक दक्षिणेतही झाला.

लूइसचे भाकीत खरे ठरले नाही; तरी धोका टळला असेही म्हणता येत नाही. २००१ मध्ये प्रमाण किंचित वाढून सु. २१ टक्के झाले, परंतु २०२१ मध्ये ते १७.८ टक्क्यांवर (सु. ५,३८,३०० भाषिक) आले आणि ही घट मुख्यतः शाळकरी वयातील मुलांत दिसून आली. ग्विनेद व अँगल्सी या दोनच परगण्यांत वेल्शभाषक बहुसंख्य आहेत. तेथेही बाहेरचे लोक सुटीपुरती घरे विकत घेऊ लागल्याने किमती वाढून स्थानिक तरुणांना गाव सोडावे लागते. म्हणून २०२३ पासून अशा घरांवर नेहमीच्या कराखेरीज ३०० टक्क्यांपर्यंत अधिभार बसविण्याची मुभा स्थानिक परिषदांना देण्यात आली आहे. २०५० पर्यंत दहा लाख भाषिक हे शासनाचे उद्दिष्ट आहे. शाळेत भाषा शिकणाऱ्यांची संख्या वाढविणे तुलनेने सोपे. शाळेबाहेर, दुकानात व स्वयंपाकघरात ती बोलली जाणे हेच खरे अवघड कार्य होय.

ट्रवेरिन : लिव्हरपूल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात धरण बांधण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने १९५७ मध्ये संमत केला. त्या वेळी वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नाही. १९६५ मध्ये कापेल केलिन हे संपूर्ण वेल्शभाषक गाव शाळा, प्रार्थनागृह व दफनभूमीसह पाण्याखाली गेले. यापूर्वीही लिव्हरपूल व बर्मिंगहॅम या शहरांसाठी वेल्समध्ये धरणे झाली होती. परंतु या वेळी प्रश्न केवळ पाण्याचा राहिला नाही. सबंध देशाच्या प्रतिनिधींचा विरोध असूनही निर्णय फिरत नाही, हे उघड झाल्याने स्वशासनाच्या मागणीस बळ मिळाले. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने २००५ मध्ये या प्रकरणी क्षमायाचना केली.

आइस्टेद्वॉद : काव्य व संगीत यांच्या स्पर्धांचा हा वेल्सचा प्रमुख सांस्कृतिक उत्सव. कार्डिगन येथील किल्ल्यात ११७६ मध्ये सरदार रीस याने भरविलेल्या मेळाव्यात श्रेष्ठ कवी व श्रेष्ठ वादक यांस खुर्ची देण्यात आली, तेव्हापासून याची परंपरा सांगितली जाते. राष्ट्रीय स्वरूपाचा उत्सव १८६१ पासून भरू लागला. तो दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, साधारणतः आलटून पालटून उत्तर व दक्षिण वेल्समध्ये भरतो व १९५० पासून त्यातील सर्व व्यवहार वेल्शमध्येच होतात. मुक्त रचनेसाठी मुकुट व ‘कंगहानेद’ या काटेकोर नियमांच्या काव्यरचनेसाठी खुर्ची हे सर्वोच्च मान होत. कंगहानेदमध्ये ओळीच्या पूर्वार्धातील व्यंजने त्याच क्रमाने उत्तरार्धात यावी लागतात किंवा अंतर्गत यमके साधावी लागतात. आपल्याकडील शब्दालंकारांची जाण असलेल्या वाचकास याची कल्पना येईल. मात्र येथे तो अलंकार नसून छंदाचा नियमच आहे. कवी टोपणनावाने रचना पाठवितात. निकालाच्या वेळी हजारोंच्या सभेत ते टोपणनाव पुकारले जाते व विजेता उभा राहतो, तेव्हाच तो कोण हे लोकांना कळते. पात्र रचना न आल्यास खुर्ची कोणासही दिली जात नाही.

१९१७ मध्ये हा उत्सव बर्कनहेड येथे झाला, तेव्हा टोपणनाव पुकारल्यावर कोणीही उठले नाही. विजेता कवी हेद विन (मूळ नाव एलिस हंफ्री एव्हान्झ, १८८७–१९१७) हा ट्रॉस्वनिद गावाजवळचा एक मेंढपाळ शेतकरी; तो ३१ जुलै रोजी फ्लँडर्समधील लढाईत मारला गेला होता. रिकाम्या खुर्चीवर काळे वस्त्र पसरण्यात आले आणि ती तशीच त्याच्या आईवडिलांच्या घरी पाठविण्यात आली. ती कोरणारा कारागीर युद्धामुळे आश्रयास आलेला एक बेल्जियन होता. हेद विनचे घर २०१२ मध्ये राष्ट्रीय उद्यान प्राधिकरणाने जतनासाठी घेतले असून ही खुर्ची तेथे आहे.

उत्सवातील पांढऱ्या, निळ्या व हिरव्या झग्यांतील कविमंडळाची (गॉर्सेद) मिरवणूक व शिलावर्तुळातील विधी प्राचीन ड्रुइडांपासून चालत आले आहेत, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते योलो मॉर्गानुग (१७४७–१८२६) या पाथरवटाच्या प्रतिभेचे फळ होय. त्याने पहिला विधी १७९२ मध्ये लंडन येथील प्रिमरोझ टेकडीवर केला व १८१९ मध्ये कार्मार्दन येथे तो या उत्सवाशी जोडून दिला. जुन्या कवींच्या नावावर खपविलेल्या त्याच्या कित्येक रचना बनावट असल्याचे विसाव्या शतकात सिद्ध झाले. विधी मात्र टिकून राहिला. दोनशे वर्षे मनोभावे पाळलेल्या परंपरेस केवळ तिचा उगम ठाऊक झाला म्हणून खोटे म्हणावे काय, हा प्रश्न उरतोच.

उद्योग : मर्थर टिडफिल परिसरातील लोखंडाचे कारखाने, स्वान्झी येथील तांबे शुद्धीकरण व वायव्येकडील पाटीच्या दगडाच्या खाणी यांनी एकोणिसाव्या शतकात वेल्सला औद्योगिक देश बनविले. रिचर्ड ट्रेव्हिथिकचे वाफेचे एंजिन रुळांवरून प्रथम धावले ते १८०४ मध्ये मर्थरजवळच. दक्षिणेकडील दऱ्यांतील कोळसा हा यापुढील आधार. १९१३ मध्ये त्याचे उत्पादन सु. ५.७ कोटी टन होते. त्याच वर्षी सेंगहेनिद येथील स्फोटात ४३९ खाणकामगार दगावले. ब्रिटनमधील खाण-अपघातांत याहून मोठी हानी झालेली नाही. कामगारांनी वर्गणीतून उभारलेली वाचनालये, गायनवृंद व वैद्यकीय मदतसंस्था ही या दऱ्यांची देणगी होय. ट्रेडेगर येथील अशा मदतसंस्थेचा अनुभव असलेला अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला व त्याने १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी ॲबरव्हॅन गावाच्या वरच्या डोंगरावरील खाणकचऱ्याचा ढीग पावसाने सैल होऊन प्राथमिक शाळेवर घसरला. १४४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ११६ मुले होती. हा ढीग झऱ्यावर रचलेला होता आणि त्याविषयी गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळास दोषी धरले, परंतु कोणासही शिक्षा झाली नाही. एवढेच नव्हे, तर उरलेले ढीग हलविण्याच्या खर्चापोटी पीडितांसाठी जमलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेण्यात आले. ते १९९७ मध्ये परत करण्यात आले. १९८४-८५ च्या संपानंतर खाणी झपाट्याने बंद पडल्या. कामगारांनी आपल्या पैशाने विकत घेऊन १९९५ पासून चालविलेली टॉवर खाणही कोळसा संपल्याने २००८ मध्ये बंद झाली. पोर्ट टॅलबट येथील पोलाद कारखाना २००७ मध्ये टाटा उद्योगसमूहाकडे आला. तेथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझविण्यात आली असून तिच्या जागी विद्युत् भट्टीची योजना आहे.

लोकजीवन : एकोणिसाव्या शतकात बहुसंख्य वेल्श लोक अँग्लिकन चर्चपासून वेगळ्या पंथांचे अनुयायी बनले, गावोगावची साधी प्रार्थनागृहे व तेथील चार आवाजांतील समूहगायन ही त्याची खूण. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी मद्यगृहे बंद ठेवण्यात येऊ लागली. रग्बी हा लोकप्रिय खेळ असून सामन्यापूर्वी हजारो प्रेक्षक राष्ट्रगीत गातात. १ मार्च रोजी संत डेव्हिडचा दिवस लीक ही कांद्याच्या जातीची भाजी किंवा डॅफोडिलचे फूल लावून साजरा होतो. हिवाळ्यात ‘मारी लुइद’ ही प्रथा काही गावांत आढळते : घोड्याची कवटी काठीवर बसवून, तीवर पांढरे वस्त्र घालून मंडळी दारोदार जातात व दाराआडच्या लोकांशी पद्यात सवाल-जवाब करतात, घरच्यांनी हार मानली की आत प्रवेश व पाहुणचार. पेंब्रुकशरमधील कुम ग्वाइन दरीत जुन्या पंचांगानुसार नववर्ष १३ जानेवारीस पाळले जाते. आडनावांचे वैविध्य फारच कमी आहे, कारण पूर्वी ‘ॲप’ (पुत्र) लावून पित्याचे नाव सांगण्याची रीत होती. ‘ॲप हवेल’चे पॉवेल, ‘ॲप रीस’चे प्राइस झाले. एकाच गावात अनेक जोन्स असल्याने दूधवाला जोन्स, टपालवाला जोन्स असे व्यवसायावरून ओळखण्याची पद्धत पडली.

शासन : १९७९ च्या सार्वमतात स्वतंत्र विधिमंडळाची योजना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली, १९९७ मध्ये ती अवघ्या ६,७२१ मतांच्या आधिक्याने संमत झाली. १९९९ मध्ये कार्डिफ येथे प्रतिनिधिसभा स्थापन झाली. २०११ च्या सार्वमताने तिला व्यापक कायदेविषयक अधिकार मिळाले व २०२० पासून ती ‘सेनेद’ म्हणून ओळखली जाते. २०२४ च्या कायद्याने सदस्यसंख्या ६० वरून ९६ करण्यात आली.

वेल्स व भारत : पोविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह असून त्यात टिपू सुलतानाच्या तंबूचाही समावेश आहे. याहून वेगळा संबंध ईशान्य भारतात आढळतो. १८४१ मध्ये खासी टेकड्यांत आलेला वेल्श धर्मप्रचारक टॉमस जोन्स याने खासी भाषेसाठी रोमन लिपी योजताना वेल्श लेखनपद्धतीचा आधार घेतला. खासी लेखनावर तिचा ठसा आजही दिसतो. खासी लोकांचे समाजगीत वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गायिले जाते.